लहान हायस्कूलमध्ये सांस्कृतिक विभाग तुमच्याकडे आला तर

नवीन शिक्षक जूनमध्ये रुजू होतो, मस्टरवर पहिली सही करतो आणि आठवड्याच्या आत शिक्षकसभेत विभागवाटप होतं. परीक्षा जुन्या सरांकडे, वेळापत्रक गणिताच्या मॅडमकडे, पोषण आहार ज्यांच्या गळ्यात आधीपासून आहे त्यांच्याचकडे. उरलेलं सांस्कृतिक, क्रीडा, सहल, विज्ञान मंडळ असं गाठोडं नव्या माणसाच्या हवाली. स्वतंत्र क्रीडाशिक्षक लहान शाळेत बहुधा नसतोच. त्यामुळे तुम्ही इतिहासाचे असा नाहीतर इंग्रजीचे, शिट्टी तुमच्याच गळ्यात येते.

माझ्या डोळ्यांपुढे ग्रामीण भागातलं अनुदानित, मराठी माध्यमाचं हायस्कूल आहे. आठवी ते दहावी, प्रत्येकी एक तुकडी, पटावर शंभर-सव्वाशे मुलं. मुख्याध्यापक धरून पाच-सहा शिक्षक, एक क्लार्क, एक शिपाई मामा. शहरातल्या मोठ्या शाळेत मुलांना संधी मिळत नाही ही तक्रार असते. इथे उलटं होतं. संधी ढीगभर असतात आणि त्या सगळ्या त्याच आठ-दहा पोरांच्या वाट्याला जातात. भाषणाला तीच मुलगी, खो-खोला तीच, विज्ञान प्रदर्शनाला तीच, सूत्रसंचालनालाही तीच. बाकीची शंभर मुलं तीन वर्षं टाळ्या वाजवून दाखला घेऊन जातात. विभाग तुमच्याकडे आला याचा अर्थ ही वाटणी मोडायचं काम तुमच्याकडे आलं.

१. आधी एसटीचं वेळापत्रक, मग उपक्रमांचं

जूनच्या पहिल्या आठवड्यात हजेरीपट घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे गाव लिहा. कोण चालत येतं, कोण सायकलवर, कोण एसटीने, आणि त्या गावाची शेवटची गाडी किती वाजता. मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो, मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैशात मिळतो. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या बस धावतात. पास आहे म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. सव्वापाचची गाडी गेली की पुढची थेट सकाळी, अशी गावं प्रत्येक शाळेच्या पटावर असतातच.

म्हणून ‘शाळा सुटल्यावर सराव’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका. शाळा सुटल्यावर थांबतात ती फक्त शाळेच्या गावातली मुलं, आणि मग संघही त्यांचाच होतो. वेळापत्रक पक्कं व्हायच्या आधी मॅडमकडे दोन गोष्टी मागून घ्या: शारीरिक शिक्षणाचे तास शक्यतो शेवटचे आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेतला एक तास उपक्रमांना. जुलै उजाडला की वेळापत्रकात कोणी बोट घालू देत नाही.

याच आठवड्यात एक दोनशेपानी वही घाला. डाव्या बाजूला वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं, वरच्या ओळीत उपक्रम. ज्याने जे केलं तिथे खूण. खूण करायला मंच किंवा बक्षीस लागत नाही. मैदानावर फक्की (आखणीची पांढरी पूड) मारली, हार्मोनियम उचलून आणली, फलकलेखन केलं, यालाही खूण करायची. दिवाळीच्या सुट्टीआधी वही उघडली की काही ओळी आरपार कोऱ्या दिसतील. दुसऱ्या सत्राचं नियोजन त्या ओळींवरून करा. जिथे आधीच खुणांची गर्दी आहे तिथल्या मुलांना थोडी विश्रांती मिळाली तरी बिघडत नाही.

२. परिपाठ

नव्या शिक्षकाला परिपाठ ही रोजची औपचारिकता वाटते. पण वर्षात दोनशेच्या वर दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, सगळी शाळा एका जागी असते. एवढा वेळ दुसऱ्या कुठल्याही उपक्रमाला मिळत नाही.

क्रम ठरलेला असतो: राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, २०२० पासून संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, सामान्यज्ञानाचा प्रश्न आणि मौन. शाळेगणिक थोडा पुढेमागे. क्रमाला हात लावायची गरज नाही, माणसं बदला. बहुतेक शाळांत परिपाठ वर्गवार असतो आणि वर्गशिक्षक दोन हुशार मुलींवर तो सोपवून मोकळे होतात. त्याऐवजी तिन्ही वर्गांची सरमिसळ करून दहा-बारा मुलांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला एक आठवडा द्या. दहावीला सूट देऊ नका, ‘त्यांचं वर्ष आहे’ म्हणून कोणी सुचवलं तरीही.

गटात माइकला घाबरणारी मुलं निम्मी असतात. त्यांना पहिल्याच दिवशी पुढे ढकलायचं नाही. फलकावर दिनविशेष लिहिणं, घंटा देणं, साउंड बॉक्स चार्ज करून ठेवणं, रांगा लावणं ही कामं आधी. माझा अनुभव असा की माइकवर पहिल्यांदा येणाऱ्या मुलाला बोधकथा देऊ नये, ती लांब असते आणि मध्ये अडकलं की सुटका नसते. त्याला बाजारभाव द्यावेत. तालुक्याच्या बाजार समितीत काल सोयाबीन काय गेलं, तूर काय, कांदा काय. चार ओळी, सगळे आकडे, आणि ऐकायला शिपाई मामांसकट सगळे कान टवकारतात. वर्गात तोंड न उघडणारा पोरगा क्विंटलचा भाव खणखणीत सांगतो, कारण घरी रोज तेच बोलणं असतं.

बातम्या मोबाइलवरून उतरवून आणायला बंदी घाला. शाळेत वर्तमानपत्र येत नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा चहाच्या टपरीवर येतं, कालचं चालेल. एक जगाची, एक राज्याची, एक आपल्या तालुक्याची, बस्स.

पावसाळ्यात मैदानात चिखल असतो, परिपाठ व्हरांड्यात होतो आणि मागच्या रांगेला काही ऐकू येत नाही. त्या दोन महिन्यांत सुविचार आणि बोधकथेला फाटा देऊन परिपाठ दहा मिनिटांत आटोपला तरी हेडसर काही म्हणत नाहीत. आधी विचारून ठेवा मात्र.

३. शालेय मंत्रिमंडळ

जुलैत निवडणूक घ्या. वर्गशिक्षकाने ‘तू मुख्यमंत्री, तू क्रीडामंत्री’ असं बोट दाखवून नेमलेलं मंत्रिमंडळ पंधरा ऑगस्टपर्यंतही टिकत नाही.

दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रियेचा धडाच आहे. त्या वर्गाला निवडणूक आयोग करा, म्हणजे उमेदवार आठवी-नववीचे आणि यंत्रणा दहावीची. अधिसूचना फलकावर, अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, दोन दिवस प्रचार, मग गुप्त मतदान. मोबाइलवर मतदान यंत्राची ॲप मिळतात आणि पोरांना त्याचं आकर्षण असतं. मी तरी छापील नाहीतर हाताने लिहिलेल्या मतपत्रिकेच्या बाजूचा आहे. मतपत्रिका उलगडून, दाखवून, ढीग लावून मोजताना जो कल्ला होतो तो बटणात नाही. शिवाय बाद मत कसं होतं हे डोळ्यांनी दिसतं. बोटाला शाई हवीच, मार्कर चालतो.

आता खरी अडचण. गावातलं राजकारण शाळेत येतं. सरपंचाच्या पुतण्याविरुद्ध विरोधी पॅनेलच्या घरातला मुलगा उभा राहतो आणि पालक रस घ्यायला लागतात. आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही पण घडते: मतदान गाववार होतं. ज्या गावाची पोरं जास्त तो निवडून येतो, आणि वाडी-तांड्यावरची चार मुलं कायम मतदारच राहतात. उपाय ग्रामपंचायतीचाच आहे, आरक्षण. काही पदं मुलींसाठी, काही बाहेरगावच्या मुलांसाठी, आणि ती चिठ्ठ्या टाकून सगळ्यांसमोर ठरवायची. आक्षेप आला तर तो लेखी घ्या आणि आयोगाला निकाल देऊ द्या. चॉकलेट वाटणाऱ्याचा अर्ज बाद, हा नियम पहिल्या दिवशीच जाहीर करा.

निवडून आल्यावर मंत्र्याच्या हाती काहीतरी खरं द्यावं लागतं. क्रीडामंत्र्याकडे खेळाच्या कपाटाची किल्ली आणि नोंदवही. आरोग्यमंत्र्याकडे प्रथमोपचार पेटी. आहारमंत्र्याने खिचडी वाटपाच्या रांगेत उभं राहायचं. पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, त्यामुळे आठवी जेवते आणि नववी-दहावी डबा उघडते. तो एक तास सगळ्यांना एकत्र कसं बसवायचं हे मंत्रिमंडळावर सोडून पाहा, ती शिक्षकांपेक्षा बरा तोडगा काढतात. महिन्यातून एक बैठक, इतिवृत्त त्यांनीच लिहायचं. किल्ली द्यायची हिंमत नसेल तर निवडणूक घेऊ नका. नुसत्या फोटोपुरतं मंत्रिमंडळ मुलांना लगेच कळतं.

४. पावसाळ्यातले अर्ज

हे कंटाळवाणं काम आहे, पण नवीन माणसाचं नुकसान इथेच होतं, कारण तारखा ऐन पंधरा ऑगस्टच्या धामधुमीत येतात. क्लार्ककडून मागच्या वर्षीच्या फाइली घेऊन तारखा आधीच उतरवून ठेवा.

‘इन्स्पायर अवॉर्ड मानक’ या मुलांच्या विज्ञानकल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत शाळेला ५ कल्पना पाठवता येतात आणि निवड झाली तर प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये मुलाच्या बँक खात्यात येतात. कल्पना इंटरनेटवरून उचललेल्या नकोत. शेतात, गोठ्यात, पाणी भरताना काय त्रास होतो हे विचारलं की पाच काय पंधरा मिळतात. खातं आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आधी तपासा.

आठवीसाठी ‘एनएमएमएस’ ही शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाल्यावर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळायला वेळ लागतो, म्हणून पालकांना जुलैतच सांगा. आठवीचा अख्खा वर्ग बसवा, निवडक नको.

शासकीय रेखाकला परीक्षा दोन, आधी एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. त्यांचे अर्जही याच दिवसांत. इंटरमिजिएटची श्रेणी दहावीच्या निकालात गुण देते: ‘अ’ला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. चित्रकलेचा शिक्षक नसलेल्या शाळेत हे कोणी सांगतच नाही आणि हातात कला असलेली पोरं गुण सोडून देतात. एलिमेंटरी आठवीत उरकली की पुढच्या परीक्षेला नववीचं वर्ष मोकळं मिळतं.

५. खेळ: एकच सांघिक खेळ धरा

तालुकास्तरीय शालेय क्रीडा स्पर्धांची यादी लांबलचक असते. सगळीकडे नाव घालायचा मोह आवरा. सव्वाशे पोरांत मुलींचा एक आणि मुलांचा एक संघ नीट उभा राहिला तरी पुष्कळ. गट वयावरून पडतात, १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील, आणि जन्मतारखेची अट १ जानेवारीपासून मोजतात. तारीख जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतली धरायची. आधारवर वेगळी असेल तर स्पर्धेच्या सकाळी नाही, नोंदणीच्या आधी क्लार्ककडे बसून निस्तरा.

मुलींसाठी मी खो-खो सुचवेन. साहित्य म्हणजे दोन खांब आणि फक्की. मैदानात ९ जणी लागतात, पळणाऱ्या तिघी येतात, त्यामुळे चपळ मुलगी एकटी सामना जिंकून देऊ शकत नाही, सगळ्यांना बसायला, उठायला, खो द्यायला शिकावंच लागतं. कबड्डीला वजनाची अट असते आणि अंगकाठीचाही प्रश्न येतो.

संघ कागदावर सोपा असतो. नववी-दहावीच्या सत्तरेक मुलांत मुली तिशीच्या आसपास, त्यातल्या खेळू शकणाऱ्या पंधरा, आणि घरून परवानगी असलेल्या सात. उरलेल्या आठ जणींच्या घरी जावं लागतं. पालकसभेत हा विषय काढून उपयोग नसतो, चारचौघांत बाप नाहीच म्हणतो. संध्याकाळी घरी जा, आईशी आणि आजीशी बोला. प्रश्न ठरलेले असतात: सोबत मॅडम आहेत का, कपडे काय घालायचे, किती वाजता परत. तिन्हींची उत्तरं घेऊनच जा. शिक्षिका सोबत असणं ही अट समजा. शाळेत एकही शिक्षिका नसेल तर केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) दुसऱ्या शाळेच्या मॅडमना विचारा किंवा एखाद्या मुलीच्या आईला बरोबर घ्या.

स्पर्धेच्या दिवशी पिशवीत ओळखपत्रं, परवानगीचे कागद, ओआरएस, सॅनिटरी पॅड, सेफ्टी पिना, कापूस-आयोडीन आणि दोन जास्तीचे बूट जोड. डबे घरचे. मैदानावरचे वडे खेळायच्या आधी खाल्ले की दुपारच्या सामन्यात कोण पळतं ते पाहाच.

संघात न बसणाऱ्यांना वैयक्तिक प्रकार आहेत. गोळाफेक, थाळीफेक, लांब उडी, बुद्धिबळ. रोज शेतात काम करणारी मुलगी गोळ्याला हात घालते तेव्हा तंत्र नसूनही अंतर जातं.

पहिल्याच फेरीत हरून आलात तरी दुसऱ्या दिवशी परिपाठात पूर्ण संघाची नावं वाचून दाखवा, राखीवांसकट.

६. गॅदरिंग

स्नेहसंमेलनाची तारीख ठरवताना दहावीकडे बघा. बोर्डाची परीक्षा पूर्वी मार्चमध्ये सुरू व्हायची, २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. सराव परीक्षा जानेवारीत असतात. तेव्हा गॅदरिंग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उरका. वेळ दिवसाची ठेवा, दुपारी बारा ते चार. रात्रीच्या कार्यक्रमाला रोषणाई छान दिसते, पण बाहेरगावच्या मुली एक तर येत नाहीत किंवा अर्ध्यातून उठतात.

गाणी आठ-दहा पुरेत. प्रत्येक गाणं सरावाआधी तुम्ही स्वतः शेवटपर्यंत ऐका, कारण मुलांना ठेका माहीत असतो, तिसऱ्या कडव्यातले शब्द नाही. भाड्याच्या पोशाखांवर बंधन घाला. तीन-चारशे रुपये ज्याला जमत नाहीत तो मुलगा कारण न सांगता नाचातून नाव काढून घेतो. घरचं नऊवारी, धोतर, उपरणं आणि शाळेचा गणवेश यांवर निम्मा कार्यक्रम बसतो. आठवीची सगळी तुकडी लेझीमला घ्या, त्यात कोणी सुटत नाही. ज्यांना मंचावर यायचंच नाही त्यांना पडदा, चपलांची व्यवस्था, गाण्यांचा क्रम, पाहुण्यांचा चहा. यांची नावंसुद्धा सूत्रसंचालकाने वाचायची.

बक्षिसांचं आधी ठरवा. नाच ऐन रंगात आला की कोणीतरी पालक पुढे येऊन नोट देतो आणि माइकवरचे सर गाणं बारीक करून सांगतात, ‘अमुक यांच्याकडून या गाण्यास ५१ रुपये’. पाठोपाठ दुसरे, तिसरे. पोरं ठेका चुकतात. मंचाच्या डाव्या बाजूला टेबल, त्यावर क्लार्क आणि पावतीपुस्तक, नावं गाणं संपल्यावर एकदम. जमा पैसे एका गाण्याला न देता सगळ्यांच्या खाऊला किंवा क्रीडासाहित्याला जातील हे सुरुवातीलाच जाहीर केलं की वाद होत नाहीत. पहिल्या वर्षी कुरकुर होईल, कारण देणाऱ्याला आपल्या नातीच्याच गाण्याला द्यायचे असतात.

शेलापागोटे, म्हणजे एकमेकांना द्यायच्या गमतीच्या पदव्यांच्या चिठ्ठ्या, ठेवायचे असतील तर सगळ्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी तुमच्या हाताखालून जाऊ द्या. रंग, उंची, वजन, घरची परिस्थिती, मुलामुलींची जोडी, यावरचं सगळं बाजूला. उरलेल्यांतही मजा भरपूर असते, शिक्षकांवर तर सगळ्यात जास्त.

प्रमुख पाहुणे संस्था ठरवते, त्यात पडू नका. तुमच्या हातात भाषणांची संख्या आहे. प्रास्ताविक, अहवाल, एक पाहुणे, अध्यक्ष, आभार. पाहुण्यांना नाचांच्या आधी बोलू द्या. नाचांच्या मध्ये आणलंत तर श्रोते उठतात आणि पाहुणे रागावतात.

७. सहल, थोडक्यात

शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, तेव्हा खासगी गाडीचा विचार नको. शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी, प्रत्येक पालकाचं संमतिपत्र, प्रथमोपचार, मुली असतील तर शिक्षिका, आणि पाण्यात उतरायला साफ मनाई, मग तो समुद्र असो की धरण. एक दिवसाची, रात्री आठच्या आत परत येणारी सहल लहान शाळेला झेपते. वर्गणी तीन हप्त्यांत घ्या. ज्यांना तरीही जमत नाही त्यांची नावं वर्गात विचारू नका, वर्गशिक्षकांना ती ठाऊक असतात. माजी विद्यार्थ्यांकडून दोन-चार जागांचे पैसे गुपचूप उभे राहतात.

८. पैसे आणि कागद

मुलांकडून एक रुपयाही पावतीशिवाय घेऊ नका आणि स्वतःच्या फोनवर ऑनलाइन घेऊ नका, पालकाने आग्रह केला तरी. पैसे क्लार्ककडे, हिशोब मुख्याध्यापकांच्या सहीने, कार्यक्रम झाल्यापासून आठवड्यात. गावात पैशाची चर्चा गॅदरिंगपेक्षा जास्त दिवस चालते.

उपक्रमाचा अहवाल त्याच दिवशी, अर्धं पान: तारीख, काय झालं, किती मुलं, कोण पाहुणे. वरच्या कार्यालयाकडून माहिती भरायची लिंक येते तेव्हा हेच अर्धं पान भरायचं असतं. फोटो चार पुरेत. वृक्षारोपणात एका रोपाला सतरा हात लागलेला फोटो प्रत्येक शाळेच्या ग्रुपवर असतो. जुलैत लावलेलं रोप मार्चमध्ये कुठे आहे याचा फोटो काढून ठेवलात तर केंद्रप्रमुखही थांबून बघतील. त्यासाठी उन्हाळ्यात पाणी घालणारी मुलं शाळेच्या गावातलीच नेमावी लागतात आणि शिपाई मामांना सुट्टीत नळ उघडायला आधीच सांगून ठेवावं लागतं.